सवलतीच्या इंटरनेटचे लेखाशीर्ष

गरिबाला एखादी सेवा सवलतीत द्यायची असे शासनाने ठरवले, की लाभार्थी कोण हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. योजनांच्या फायली पाहताना मला मात्र दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे : पैसा कोठून येणार, आणि किती वर्षे येणार? घरगुती इंटरनेटच्या सवलतीचा अमेरिकेतील इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१९८४ मध्ये एटी अँड टी या कंपनीचे विभाजन झाले. स्थानिक दूरध्वनीचे दर वाढतील आणि गरिबांचे फोन बंद पडतील, अशी भीती निर्माण झाली. म्हणून १९८५ मध्ये तेथील संघीय दळणवळण आयोगाने 'लाइफलाइन' योजना सुरू केली. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने सार्वत्रिक सेवेच्या तत्त्वाला स्पष्ट वैधानिक आधार दिला. यासाठीचा निधी कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून उभा राहतो, आणि कंपन्या तो ग्राहकांकडून वसूल करतात. अमेरिकेतील मराठी वाचकांनी फोनच्या बिलावर 'युनिव्हर्सल सर्व्हिस' ही ओळ पाहिली असेल; ती हीच. २०१६ मध्ये या योजनेत इंटरनेटचा समावेश झाला. सवलत मात्र महिना ९.२५ डॉलर एवढीच राहिली.

करोनाच्या साथीत शाळा आणि कचेऱ्या घरात आल्या, तेव्हा ही रक्कम किती तोकडी आहे ते उघड झाले. डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसने ३.२ अब्ज डॉलर मंजूर केले, आणि मे २०२१ पासून पात्र कुटुंबाला महिना ५० डॉलरपर्यंत सूट मिळू लागली. नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने १४.२ अब्ज डॉलर देऊन 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम' आणला. त्यात सूट ३० डॉलर, तर आदिवासी भूमीवर ७५ डॉलर होती. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असले तरी चाले. अन्नसाहाय्यासारख्या योजनेचा लाभार्थी असणे हीसुद्धा पात्रताच मानली जाई. २०२२ मध्ये वीस कंपन्यांनी ३० डॉलरच्या आतील योजना देण्याचे मान्य केले, म्हणजे अनेकांचे बिल शून्यावर आले. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबांनी नोंदणी केली.

परंतु हा पैसा एकदाच मिळालेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली, आणि नव्या तरतुदीचे विधेयक संमत न झाल्याने १ जून २०२४ रोजी योजना संपली. छोटी 'लाइफलाइन' मात्र टिकून राहिली, कारण तिच्यामागे कायम आकारणी होती. तीही निर्धोक नाही. आकारणी मुख्यतः दूरध्वनीच्या महसुलावर आहे आणि तो महसूल आटत आहे. त्यामुळे २००० मध्ये ६ टक्क्यांच्या आसपास असलेला दर २०२४ मध्ये ३० टक्क्यांपलीकडे गेला. जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. पण आटत्या पायाचा प्रश्न न्यायालय सोडवू शकत नाही.

आपल्याकडे कायम निधी २००२ पासूनच आहे. सार्वत्रिक सेवा दायित्व निधीला २००३ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. आता त्याचे नाव डिजिटल भारत निधी आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. हा पैसा प्रामुख्याने तार आणि मनोरे उभारण्यावर खर्च झाला. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत जाते; तेथून घरापर्यंतचे मासिक बिल कोणी भरायचे, याचे उत्तर त्या योजनेच्या मूळ रचनेत नव्हते. केरळने ५ जून २०२३ रोजी के-फोनचे उद्घाटन करताना २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि पहिल्या टप्प्यासाठी १४,००० कुटुंबे ठरवली. या दोन आकड्यांमधील अंतर बरेच काही सांगते.

अमेरिकेने कुटुंबाला हात दिला, पण निधी तात्पुरता ठेवला. आपण निधी कायम केला, पण तो कुटुंबाच्या बिलापर्यंत नेला नाही. शाळेचा अभ्यास, शिधापत्रिकेची दुरुस्ती, नोकरीचा अर्ज हे सारे आपणच इंटरनेटवर नेले आहे. मग त्या दारापर्यंत पोचण्याचा मासिक खर्च हा योजनेच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे, असे मला वाटते. उंबरठ्यापाशी थांबलेली तार ही लाभार्थ्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा.