दट्ट्याचा आकार : द्विधाव व चतुर्धाव एंजिनांतील

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात मागेपुढे सरकणाऱ्या दंडगोलाकार भागाला दट्ट्या म्हणतात. जळणाऱ्या वायूंचा दाब झेलून तो संयोगदांड्यामार्फत भुजादंडाला पोहोचविणे हे त्याचे मुख्य कार्य होय. त्याच्या वरच्या पृष्ठाला माथा आणि कड्यांच्या खाचांखालील भागाला घेर म्हणतात. चतुर्धाव एंजिनात वायूंची आवकजावक झडपांनी नियंत्रित होते. साध्या द्विधाव एंजिनात झडपा नसतात. सिलिंडराच्या भिंतीतील द्वारे दट्ट्याच उघडतो व मिटतो. म्हणजे पहिल्या प्रकारात दट्ट्या हा ज्वलन कोठीचा केवळ तळ असतो, तर दुसऱ्यात तळ आणि झडप अशी दोन्ही कामे त्याला करावी लागतात. अधिक शक्तीच्या एंजिनासाठी दट्ट्याचा आकार ठरविताना हा फरक मूलभूत ठरतो.

द्विधाव एंजिन : निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चतुर्धाव एंजिन यशस्वी केले. त्यानंतर डूगल्ड क्लार्क या स्कॉटिश अभियंत्याने द्विधाव एंजिनाचे एकस्व १८८१ मध्ये घेतले. त्यात ताजे मिश्रण सिलिंडरात ढकलण्यासाठी निराळा पंप होता. इंग्लंडमधील जोझेफ डे यांनी १८९१ मध्ये हे काम क्रँककेसकडून करून घेतले आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक कॉक यांनी पुढील वर्षी घेराने उघडमीट होणारे तिसरे द्वार योजून झडपांची गरजच संपविली.

या रचनेत आत येणारे मिश्रण समोरच्या निष्कास द्वारातून थेट निसटून जाई. ते वर वळविण्यासाठी दट्ट्याच्या माथ्यावर उंचवटा ठेवीत. त्याला विचलक म्हणतात. विचलकामुळे दट्ट्या जड होई, एका बाजूस जास्त तापून असमान प्रसरण पावे आणि ज्वलन कोठीचा आकार बिघडल्याने संपीडन वाढविता येत नसे. १९२५ च्या सुमारास आडोल्फ श्न्यूर्ले या जर्मन अभियंत्याने निष्कास द्वाराच्या दोन्ही बाजूंस तिरपी द्वारे ठेवली. त्यांतून येणारे दोन झोत मागील भिंतीवर एकत्र येऊन वर चढतात व वळसा घेऊन खाली उतरतात. वायू वळविण्याचे काम अशा रीतीने दट्ट्याकडून सिलिंडराकडे गेले आणि माथा सपाट किंवा किंचित फुगीर ठेवता आला. डीकेडब्ल्यू कंपनीच्या मोटारसायकलींत ही पद्धत १९३० नंतरच्या दशकात रूढ झाली.

द्विधाव दट्ट्याचा घेर मात्र मनाप्रमाणे कापता येत नाही, कारण त्यानेच द्वारे झाकली जातात. प्रवेश द्वाराकडील खालची कड थोडी कापली, तर ते अधिक काळ उघडे राहून वेगवान फेऱ्यांत शक्ती वाढते. पण मंद गतीत मिश्रण मागे फिरून ओढ कमी होते. कड्यांची टोके द्वारांत अडकू नयेत म्हणून खाचांत बारीक खुंट्या बसवून कड्या फिरू न देण्याची दक्षता घ्यावी लागते.

चतुर्धाव एंजिन : येथे घेरावर असे बंधन नसल्याने वजन घटविण्यासाठी तो बाजूंनी कमी करता येतो. माथ्याची अडचण वेगळी होती. जुन्या शर्यती एंजिनांत ज्वलन कोठी अर्धगोल व झडपा एकमेकींपासून बऱ्याच कललेल्या असत. संपीडन गुणोत्तर वाढविण्यासाठी माथा घुमटासारखा उंच करीत. पण त्यामुळे उरलेली जागा संत्र्याच्या सालीसारखी पातळ होऊन ज्योत सावकाश पसरे. कीथ डकवर्थ यांनी १९६७ मधील कॉसवर्थ डीएफव्ही एंजिनात प्रत्येक सिलिंडरास चार झडपा कमी कोनात बसविल्या. त्यामुळे झडपांपुरते खळगे असलेला जवळजवळ सपाट माथा पुरेसा ठरला. दोन्ही प्रकारांत माथ्यावरील उंचवटा हा वस्तुतः अन्य भागांतील उणिवेवरचा उपाय होता. ती उणीव दूर होताच तो गेला.

महाराष्ट्रातील अनुभव : पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटोने १९६० नंतरच्या दशकात इटलीच्या पिआज्जो कंपनीच्या परवान्याखाली व्हेस्पा स्कूटर तयार केली. व्हेस्पाच्या आरंभीच्या एंजिनांत विचलकयुक्त दट्ट्या असे. परवाना १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. तिच्या द्विधाव एंजिनाचा व्यास ५७ मिमी., धाव ५७ मिमी. व घनफळ १४५·४५ घ. सेंमी. होते. जालन्याशेजारच्या तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात वाळूज येथे कंपनीचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. २००१ मधील चतुर्धाव ‘पल्सर १५०’ मोटारसायकलीचा व्यासही ५७ मिमी.च होता आणि धाव ५६·४ मिमी. होती. चेतकची शक्ती सुमारे ७·५ अश्वशक्ती, तर पल्सरची सुमारे १२ अश्वशक्ती होती. प्रत्येक दोन धावांत एकदा शक्ती देणारे एंजिन दुप्पट बलवान असावे, हा सर्वसामान्य समज या तुलनेत टिकत नाही. सिलिंडर नीट भरणे, जास्त संपीडन व अधिक फेरे यांवर शक्ती अवलंबून असते. २००३ मध्ये पल्सरमध्ये दोन ठिणगी-गुडद्या बसवून ज्योतीचा मार्ग आखूड करण्यात आला.

द्विधाव एंजिन मागे पडण्याचे कारण केवळ शक्ती नव्हे. दट्ट्याने नियंत्रित होणारे निष्कास द्वार आधी उघडते, म्हणून ते मिटतेही शेवटी. तेवढ्या अवधीत न जळलेले मिश्रण बाहेर जाते. इंधन वाया जाते आणि त्यात मिसळलेल्या वंगण तेलाच्या धुरासह ते शहरांच्या हवेत मिसळते. माथा कसाही घडविला तरी हा दोष पूर्णतः जात नाही. भारतात १९९१ पासून लागू झालेले उत्सर्जनाचे निर्बंध १९९६ व २००० मध्ये कडक झाले आणि द्विधाव स्कूटरी व मोटारसायकली क्रमाने बंद झाल्या. २००७ मध्ये बजाजने द्विधाव रिक्षात इंधन सरळ सिलिंडरात फवारण्याची पद्धत आणली. तीत द्वारांतून केवळ हवा येत असल्याने इंधनाची गळती पुष्कळ कमी झाली. हा उपायही दट्ट्याबाहेरचाच होता. यावरून दट्ट्याचा आकार स्वतंत्रपणे निवडता येत नाही, तर वायूंचा मार्ग, ज्वलन कोठी व इंधन देण्याची रीत ठरल्यावरच तो निश्चित करता येतो, असे दिसून येते.