एका चित्राचा फेरफार

गावच्या चावडीत जमिनीचे दप्तर असते. शेत मुळात कोणाचे, कोणी विकले, कोणी घेतले, वारसाने कोणाकडे आले, हे फेरफाराच्या नोंदी वाचल्या की कळते. चित्रांचेही असे दप्तर मांडता येते. ते वाचताना चित्राइतकीच ते सांभाळणारी माणसेही ओळखीची होतात. अशाच एका चित्राचा उतारा आज पाहू.

हे चित्र क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘ठसा : उगवता सूर्य’. आकार काही फार मोठा नाही. उंची ४८ सेंटिमीटर आणि रुंदी ६३. शाळेच्या भिंतीवरचा नकाशासुद्धा याहून मोठा असतो. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ल हाव्र नावाचे बंदर आहे. तेथील एका हॉटेलच्या खिडकीतून मोनेने हा देखावा रंगवला. निळसर धुके, धुक्यात बुडालेल्या डोलकाठ्या आणि याऱ्या, धुरांड्यांचा धूर, दोन-तीन होड्या आणि नारिंगी रंगाचा वाटोळा सूर्य. त्या सूर्याचे प्रतिबिंब पाण्यात तुटक फटकाऱ्यांनी उतरले आहे.

आमच्या ठाकुर्लीच्या जुन्या मंडळींना हा देखावा परका वाटणार नाही. रेल्वेसाठी वीज करणारे चोळ्याचे वीजघर चालू होते, तेव्हा थंडीच्या सकाळी खाडीवरचे धुके आणि धुरांड्यांचा धूर एकमेकांत मिसळत असे. ते वीजघर १९८०च्या दशकात बंद पडले. पण धूर हासुद्धा चित्राचा विषय होऊ शकतो, हे कळायला ती आठवण पुरेशी आहे.

चित्रावर मोनेने सहीबरोबर ‘७२’ हा आकडा घातला आहे. भरती-ओहोटी, सूर्याची जागा आणि हवेच्या नोंदी ताडून २०१४ मध्ये अभ्यासकांनी असा अंदाज मांडला, की हा देखावा १३ नोव्हेंबर १८७२ च्या सकाळी साडेसातच्या सुमाराचा असावा.

त्या काळी पॅरिसमध्ये सरकारमान्य प्रदर्शनात चित्र लागले, तरच चित्रकाराला मान आणि गिऱ्हाईक मिळे. निवड करणारे परीक्षक जुन्या वळणाचे. तेव्हा मोने, रन्वार, पिसारो, दगा आदी मंडळींनी आपली सहकारी संस्था काढली आणि १५ एप्रिल ते १५ मे १८७४ या काळात नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन मांडले. तिकीट एक फ्रँक. यादी छापायची वेळ आली तेव्हा नाव काय द्यायचे, असा प्रश्न पडला. हे काही ल हाव्रचे हुबेहूब दृश्य म्हणता येणार नाही, म्हणून ‘ठसा’ असे लिहा, असे आपण सांगितल्याचे मोनेने पुढे नमूद केले आहे.

याच शब्दाने घोटाळा केला म्हणा, की भले केले म्हणा! लुई लरॉय या टीकाकाराने २५ एप्रिलच्या अंकात प्रदर्शनाची यथेच्छ टिंगल केली. भिंतीला चिकटवायचा अर्धवट कागददेखील या समुद्रचित्रापेक्षा जास्त पुरा झालेला असतो, असा त्याचा सूर होता. ‘ठसेवाले’ ही त्याने मारलेली कोपरखळी. त्याच शिवीचे पुढे नाव झाले. इंग्रजीत ‘इंप्रेशनिझम’ आणि मराठीत दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात तो हाच. संस्थेला मात्र तोटा आला. वर्षअखेर हिशेब झाला, तेव्हा प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर १८४ फ्रँकांहून अधिक देणे निघाले आणि संस्था मोडली.

आता फेरफार पाहा. पहिला धनी एर्नेस्त ओशदे, कापडाचा व्यापारी. त्याने १८७४ मध्येच चित्र ८०० फ्रँकांना घेतले. पण त्याचे दिवाळे निघाले आणि जून १८७८ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. तेथे चित्राला आले अवघे २१० फ्रँक. म्हणजे चार वर्षांत किंमत पावपटीवर आली. लिलावाच्या यादीत तर सूर्य उगवता नव्हे, मावळता छापला होता!

दुसरा धनी जॉर्ज द बेल्यो. हा मूळचा रुमानियाचा, पॅरिसमध्ये होमिओपॅथीचा डॉक्टर. चित्रकारांना तो औषध देई, अडीनडीला पैसे देई, आणि बाजार पडलेला असताना त्यांची चित्रे विकत घेई. मोनेची पैशासाठी काकुळतीची पत्रे त्याच्याकडे जात. १८७९च्या प्रदर्शनाला त्याने हे चित्र दिले. १८९४ मध्ये तो वारला आणि चित्र त्याच्या मुलीकडे, व्हिक्तोरीनकडे आले. तिने ते विकले नाही. १९४० मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, ते पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयाला दिले. तेव्हापासून ते सर्वांचे झाले.

तरीही दैव पाठ सोडीना. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी, रविवारी, भरदिवसा, पिस्तुले रोखून दरोडेखोरांनी संग्रहालयातून नऊ चित्रे पळवली. त्यांत हे होते. पाच वर्षांनी, डिसेंबर १९९० मध्ये, ती कोर्सिका बेटावर सापडली. २०२४ मध्ये त्या पहिल्या प्रदर्शनाला १५० वर्षे झाली, तेव्हा पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने मांडलेल्या प्रदर्शनात हे चित्र मानाने झळकले.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या चित्राची ही कथा आम्हाला कशाला? तर आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवा. रंकाळ्याच्या परिसराची, पाण्याची आणि उजेडाची चित्रे त्यांनी किती तन्मयतेने काढली! १९३१ मध्ये ते गेले. आपली पुष्कळ चित्रे त्यांनी स्वतःच नष्ट केली, असे कोल्हापुरात सांगतात. जी थोडी उरली, ती जपणाऱ्यांमुळे. मोनेच्या चित्राला दोनशे दहा फ्रँक मोजणारा एक डॉक्टर भेटला आणि न विकणारी त्याची लेक भेटली. सगळ्याच चित्रांचे नशीब असे नसते.

शिक्षकबंधूंना म्हणूनच विनंती आहे. गावातल्या वाड्यात, देवळात, शाळेच्या कपाटात जुनी चित्रे, पोथ्या, छायाचित्रे पडून असतील. मुलांना घेऊन त्यांची यादी करा : कोणी काढले, कोणाकडे होते, येथे कसे आले. आज ज्याला कोणी दोन रुपये देणार नाही, त्याचाही फेरफार लिहून ठेवायला हवा. भाव पुढे चढेल किंवा चढणार नाही; वस्तू मात्र हाती राहील.