साक्रीची माणसं सुरतेत: परक्या शहरात खान्देशी घरपण कुठे सापडतं?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात घरचा मुलगा कामाला कुठे आहे असं विचारलं, तर पुणे आणि नाशिकइतकंच सहज येणारं उत्तर म्हणजे सुरत. राज्य दुसरं, भाषा दुसरी, तरीही खान्देशातली हजारो कुटुंबं तिथे स्थिरावली आहेत. नव्या शहरात त्यांना आपली माणसं आणि आपलं जेवण कसं मिळतं?

सुरतच का?

धुळे-सुरत महामार्ग साक्रीवरून जातो. आधी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. दहिवेल, विसरवाडी, नवापूर ओलांडलं की गुजरात सुरू होतं. मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळ पडते. साक्रीत रेल्वे नाही, पण नंदुरबार आणि नवापूर ही स्थानकं उधना-जळगाव मार्गावर आहेत. साक्री तालुक्यात उगम पावणारी पांझरा तापीला मिळते आणि तापी पुढे सुरतेवरूनच समुद्राला जाते.

१ मे १९६० पर्यंत सुरत आणि धुळे एकाच मुंबई राज्यात होते. मध्ये सीमा आली तरी कामासाठीची वाट तुटली नाही. पावसाच्या भरवशावरची शेती एकीकडे आणि यंत्रमाग, कापडाच्या डाइंग मिला, साड्यांचा बाजार दुसरीकडे, असं हे गणित आहे.

वस्ती कुठे आहे?

लिंबायत, उधना, गोडादरा, डिंडोली, पांडेसरा या भागांत खान्देशी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. राजकारणातही हा समाज दिसतो. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत आणि लिंबायत, उधना हे भाग त्याच मतदारसंघात येतात.

नवा माणूस मात्र नकाशा पाहून येत नाही. गावातला, भाऊबंदकीतला किंवा सासुरवाडीकडचा कोणीतरी आधी गेलेला असतो. पहिली खोली आणि पहिलं काम त्याच्याच ओळखीने मिळतं. जगभर असंच घडतं. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने कॅरिबियन बेटांवरून लंडनला आलेल्यांपैकी अनेकजण ब्रिक्स्टनच्या आसपास राहिले. मागून येणाऱ्यांना तिथे आपली माणसं भेटली आणि तिथल्या बाजारात पुढे रताळ्यासारखे याम कंद आणि भाजीची केळी मिळू लागली.

काय खातात?

रोजच्या जेवणात भाकरी मुख्य. खान्देशात रब्बीच्या ज्वारीला ‘दादर’ म्हणतात. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळले की त्याला ‘कळणा’ म्हणतात. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेलाची धार एवढ्यावर जेवण होतं. गावाहून येताना दादर, काळा मसाला, ज्वारीचे बिबडे आणि डाळ पिशवीत भरून आणली जाते. तिखट शेव काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाकून केलेली शेवभाजी झटपट होते, म्हणून ती एकट्या राहणाऱ्यालाही परवडते.

बाकीचे पदार्थ एकट्याचे नाहीत. वरण-बट्टीसाठी कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग कापून तळायचे आणि तुपासोबत वाढायचे. एकाच माणसासाठी हा घाट कोणी घालत नाही. हिवाळ्यात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी बडजीत ठेचतात. तेही पाच-पंचवीस जणांचं काम. शहरात काड्या मिळत नाहीत, तेव्हा वांगी गॅसवर भाजली जातात. चव थोडी उतरते, पण मंडळी जमतात. खान्देशी माणसाला शहरात आपले लोक भेटतात ते बरेचदा अशाच पंगतीत.

कानबाईचं महत्त्व

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन करतात. त्या निमित्ताने ‘रोट’ होतात. घरातल्या माणसांच्या हिशेबाने मुठी मोजून धान्य घेतलं जातं आणि त्याचा स्वयंपाक भाऊबंदांनी मिळून संपवायचा असतो. त्यामुळे कोण कुठे राहतो आणि कोणाच्या घरात माणूस वाढला, याची दरवर्षी आपोआप नोंद होते. सुरतेतल्या खान्देशी वस्त्यांतही कानबाई बसते. नव्याने आलेल्या कुटुंबाला ओळख मिळण्याचा हा मोठा दिवस असतो.

सगळ्यांनाच ही सोय नाही

साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातली आणि नंदुरबारची अनेक आदिवासी कुटुंबं ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. ती लिंबायतमध्ये राहत नाहीत, तर फडाजवळच्या झोपड्यांत राहतात आणि हंगाम संपला की परततात. ज्वारी अनेकदा उचल म्हणूनच मिळते आणि तिचे पैसे नंतर मजुरीतून कापले जातात. त्यांच्यासोबत गावचे लोक असतात, पण शाळा, शेजार आणि मतदार म्हणून वजन मिळत नाही. जाण्याची वाट एकच असली तरी स्थिरावण्याची संधी सारखी नाही.

अहिराणीचं काय?

अहिराणी गुजरातीच्या जवळची वाटते. ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’ आणि गुजरातीत ‘छे’. मराठीतलं ‘घरचा’ अहिराणीत ‘घरना’ होतं आणि गुजरातीत ‘घरनो’. त्यामुळे साक्रीचा माणूस गुजराती लवकर शिकतो. पण याच जवळिकीमुळे पुढच्या पिढीत अहिराणी सहज मागे पडते. मुलं शाळेत एक भाषा बोलतात, गल्लीत दुसरी, आणि अहिराणी उरते आजी-आजोबांशी बोलण्यापुरती.

म्हणून अनेक कुटुंबं आखाजीला गावी येण्याचा प्रयत्न करतात. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि उलट्या खापरावर भाजलेली पातळ पुरणपोळी आमरसासोबत वाढली जाते. ती खापरावर कशी टाकायची हे मुलांना तिथेच पाहायला मिळतं, आणि त्या चार दिवसांत त्यांच्या कानावर अहिराणीही पडते.