तांबडी सुर्लची वाट : सायकलने कदंबकालीन मंदिराकडे

गोव्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या कुशीत तांबडी सुर्ल हे लहानसे गाव वसलेले आहे. कदंब राजवटीतील जी मंदिरे एकेकाळी या भूमीत उभी होती, त्यांपैकी बहुतांशपणे मूळ रूपात टिकलेले एकमेव मंदिर येथे आहे. धारबांदोडा तालुक्यातील कुळे रेल्वेस्थानकापासून मोलेमार्गे या मंदिरापर्यंतचे अंतर सुमारे १७-१८ किलोमीटर भरते. रहदारी तुरळक, दुतर्फा दाट रान आणि शेवटी आठशे वर्षांचा इतिहास, असा हा मार्ग सायकलस्वारांसाठी गोव्यातील उत्तम मार्गांपैकी एक मानावा लागेल.

सुर्ल या नावाची गावे गोव्यात एकाहून अधिक आहेत. चोर्ला घाटालगतचे सत्तरीतील सुर्ल वेगळे आणि डिचोली तालुक्यातील सुर्लही वेगळे. वाट विचारताना ‘तांबडी सुर्ल’ असा पूर्ण उल्लेख केल्यास घोटाळा टळतो.

मार्ग

वास्कोहून मडगावमार्गे येणारी रेल्वे कुळे येथे थांबते. पोर्तुगीज राजवटीत, १८८०च्या दशकात, मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्यासाठी हा लोहमार्ग घातला गेला आणि कुळे हे घाट चढण्यापूर्वीचे महत्त्वाचे स्थानक ठरले. घडीची सायकल असल्यास रेल्वेप्रवास सोयीचा ठरतो. अखंड सायकल न्यायची असल्यास सामानाच्या नियमांची चौकशी आधी करावी. मोटारीवर सायकल लादून येणाऱ्यांनाही कुळे किंवा मोले येथून सुरुवात करता येते.

कुळेहून मोलेपर्यंतचा पाच-सहा किलोमीटरांचा रस्ता हलक्या चढ-उतारांचा आहे. मोले येथे पणजीला फोंडा व अनमोड घाटमार्गे बेळगावशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७४८ लागतो. घाट उतरून आलेल्या मालमोटारी येथे वेगात असतात. संपूर्ण प्रवासात खऱ्या अर्थाने धोक्याची जागा हीच, म्हणून महामार्गावरील थोडे अंतर अगदी कडेने आणि गरज पडल्यास पायउतार होऊन पार करावे. महामार्ग सोडून उत्तरेकडचा फाटा धरला, की वातावरण एकदम पालटते. सुमारे १२ किलोमीटरांची ही वाट भाताची खाचरे, कुळागरे आणि विरळ वस्ती मागे टाकत हळूहळू रानात शिरते. शेवटच्या टप्प्यात ऐन, किंजळ, नाणा यांसारख्या वृक्षांची सावली रस्त्यावर सलग पडलेली असते.

मंदिर

श्रीमहादेवाचे हे मंदिर सामान्यतः बाराव्या शतकातील मानले जाते. गोव्याच्या कदंबांनी प्रथम चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, आणि नंतर गोपकपट्टण, म्हणजे आजच्या गोवा वेल्हा परिसरातील बंदर, येथून राज्य केले. त्यांचे नाव आज राज्याच्या बसगाड्यांवर रोज दिसते, परंतु त्यांच्या काळातील वास्तू पाहावयाची तर या रानातच यावे लागते.

मंदिर आकाराने लहान आहे. गर्भगृह, अंतराळ आणि स्तंभयुक्त मंडप अशी त्याची सरळ रचना असून तोंड पूर्वेला आहे. मंडपाला तीन बाजूंनी प्रवेश आहे. मध्यभागी शीर नसलेला नंदी बसलेला आहे, तर त्याच्या वरच्या छतावर उमललेले कमळ कोरले आहे. स्तंभांवरील कोरीव काम बारकाईने पाहण्याजोगे आहे. एका स्तंभाच्या तळाशी घोड्याला तुडविणारा हत्ती दिसतो. अंतराळाच्या बाजूची दगडी जाळी आणि शिखरावरील देवतांच्या मूर्ती यांतून दक्षिणेकडील शिल्पपरंपरेची ओळख पटते. शिखराचा वरचा भाग अपूर्ण राहिला किंवा कालौघात नष्ट झाला, त्यामुळे कळस दिसत नाही. चुन्याचा वापर न करता दगडावर दगड बसवून हे बांधकाम उभारलेले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली असलेल्या या मंदिरात पूजाअर्चा चालू असून महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी लोटते. जवळूनच नदी वाहते आणि तिच्या पात्रापर्यंत उतरता येते.

मंदिर का वाचले

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींतील मंदिरे मोठ्या प्रमाणावर पाडली. अनेक देवतांच्या मूर्ती भाविकांनी नदी ओलांडून अंत्रुज महालासारख्या, त्या सत्तेबाहेरच्या प्रदेशांत हलविल्या. तांबडी सुर्लचा परिसर तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. अठराव्या शतकात नव्या काबिजादींतून तो त्यांच्याकडे आला, तोवर मंदिरे पाडण्याचे ते धोरण मागे पडले होते. शिवाय हे स्थळ घाटाच्या पायथ्याशी, घनदाट अरण्यात होते. मंदिराला जसे राजकीय सीमेचे तसेच रानाचेही संरक्षण मिळाले.

रान आणि त्याचे नियम

मोलेचे अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर असून त्यातील १०७ चौरस किलोमीटरांचा गाभा १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. गोव्याचा राज्यप्राणी गवा येथे वावरतो. शेकरू, धनेश आणि राज्यपक्षी असलेला लालकंठी बुलबुल यांचेही हे घर आहे.

सायकलीचा आवाज होत नाही, हा तिचा गुण रानात धोक्याचाही ठरतो. मोटारीची चाहूल प्राण्याला दुरून लागते, सायकल मात्र वळणावर एकदम समोर येते. म्हणून आंधळ्या वळणांवर वेग कमी करून घंटी हलकेच वाजवावी. गवा समोर दिसल्यास दूरच थांबावे, घंटी वाजवू नये, बाजूने पुढे घुसण्याचा प्रयत्न करू नये आणि तो रस्ता सोडून जाईपर्यंत वाट पाहावी. माकडांना खाऊ देऊ नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासासाठी सर्वांत अनुकूल आहे. पहाटे लवकर निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी मंदिर गाठता येते. पावसाळ्यात रान देखणे दिसते, पण शेवाळलेला डांबरी रस्ता, ओला पालापाचोळा आणि जळवा यांची तयारी ठेवावी लागते, आणि पुराच्या दिवसांत नदीत उतरणे टाळावे. मोले सोडल्यानंतर सायकल दुरुस्तीचे दुकान मिळेल असे गृहीत धरू नये. सुटी ट्यूब, हवा भरण्याचा पंप, पुरेसे पाणी, थोडे खाणे आणि पुढचा-मागचा दिवा जवळ असावा. मोबाइलचा संपर्क काही ठिकाणी तुटतो, त्यामुळे परतण्याची वेळ घरी सांगून निघावे.

शांततेचा प्रश्न

२०२० मध्ये या अरण्यातून लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प पुढे आले, तेव्हा गोव्यात मोठी चळवळ उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. तो वाद प्रामुख्याने मोठ्या प्रकल्पांचा होता. तांबडी सुर्लच्या लहान रस्त्यापुढील प्रश्न याहून साधा आणि रोजचा आहे. पर्यटक वाढले की रस्ता रुंद करण्याची मागणी होते, रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो, आणि वेगाबरोबर रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यांचे मरण व रानाची शांतता हे दोन्ही प्रश्न गंभीर होतात. नदीकाठी टाकलेल्या बाटल्या आणि मोटारींतून मोठ्याने वाजणारे संगीत ही त्याची पूर्वचिन्हे होत.

गावकऱ्यांना चांगला रस्ता हवा, यात गैर काही नाही. रुग्णाला इस्पितळात आणि मुलांना शाळेत वेळेवर पोहोचवणारा पक्का रस्ता हा त्यांचा हक्कच आहे. मात्र पक्का रस्ता आणि वेगवान रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खड्डे बुजवावेत, साकव मजबूत करावेत, पण झाडे राखावीत आणि वेग मर्यादित ठेवावा, एवढे केले तरी गाव, रान आणि मंदिर या तिघांचेही भले होईल.

सायकलने येणारा पाहुणा या रस्त्याकडून फारसे काही मागत नाही. त्याला अधिक रुंदी लागत नाही, वाहनतळ लागत नाही, आणि धूरही तो मागे ठेवत नाही. त्याने आपला कचरा परत न्यावा, मंदिरात शांतता पाळावी आणि उन्हे कलण्यापूर्वी मोलेकडे परतावे. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर गव्यांचा वावर असतो.