ड्रेस्डेनचे तीन ऑर्गन

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला साथीचा ऑर्गन आठवतो. त्यात हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. चर्चमधला पाइप ऑर्गन वेगळा. त्याच्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या वाजतात. काही बोटभर, काही सोळा फुटी.

हे वाद्य घडवणारा जर्मनीतला नामांकित कारागीर म्हणजे गॉटफ्रीड सिल्बरमान. स्ट्रासबर्गला थोरल्या भावाच्या हाताखाली तो शिकला आणि सॅक्सनीत परतला. ड्रेस्डेन शहरात त्याचे तीन ऑर्गन होते. पहिला सोफिया चर्चमधला, १७२० चा. दुसरा फ्राउएनकिर्खेतला, १७३६ चा. त्याच वर्षी १ डिसेंबरला थोर संगीतकार बाख याने तो वाजवला. तिसरा होफकिर्खेतला. तो पुरा होण्याआधीच, १७५३ मध्ये, सिल्बरमान वारला. त्याचा जुना शिष्य हिल्डेब्रांट याने १७५५ मध्ये काम तडीस नेलं.

आता फेब्रुवारी १९४५. १३ तारखेच्या रात्री ब्रिटिश विमानं आली, दुसऱ्या दिवशी अमेरिकन. सुमारे २५,००० माणसं गेली. सोफिया चर्च जळालं. १५ तारखेच्या सकाळी फ्राउएनकिर्खेचा दगडी घुमट कोसळला. दोन्ही ऑर्गन संपले.

होफकिर्खेही जळालं, ऑर्गनचा लाकडी सांगाडाही. पण नळ्या आणि त्यांना हवा पुरवणाऱ्या पेट्या तिथे नव्हत्याच! १९४४ मध्येच त्या सोडवून शहराबाहेर, सेंट मारिएनश्टेर्न मठात नेल्या होत्या. १९७१ मध्ये तो ऑर्गन पुन्हा आपल्या जागी उभा राहिला आणि आजही वाजतो.

विचार करा, बॉम्ब पडलेच नसते तर? ‘चालतं वाद्य उगाच खोललं’ म्हणून लोकांनी बोल लावला असता. वेळेआधी सामान हलवणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं. फौजेत मीही ते ऐकून घेतलंय. लढणाऱ्याला पदक मिळतं. खोके बांधून वेळेत गाडी हलवणाऱ्याचं नावही राहत नाही. अडीचशे वर्षांचा सूर मात्र अशाच हातांनी वाचवला.

फ्राउएनकिर्खे २००५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. तिथला नवा ऑर्गन बांधला डॅनियल केर्न यांनी. ते स्ट्रासबर्गचे, म्हणजे सिल्बरमान जिथे शिकला त्याच गावचे. पण तो नवा. सिल्बरमानच्या हातचा आवाज ड्रेस्डेनमध्ये आज एकाच ठिकाणी उरलाय.

जय हिंद.