बेडकाच्या डोळ्यातली तार

पुण्याहून सोलापूर हायवेनं निघालात, भिगवण ओलांडलं, की डाळज लागतं. डावीकडे उजनीचं पाणी. पावसाळ्यात या काठावरचा एखादा बेडूक बघा. समोर मेलेली माशी पडली असेल तर गडी ढुंकूनही बघत नाही. तीच माशी हलली, की सटकन जीभ बाहेर!

असं का, हे कळायला तीन-साडेतीन शतकं गेली. १६०४ मध्ये केप्लरनं दाखवलं, की डोळ्यातल्या पडद्यावर चित्र उलटं पडतं. पुढचं काम त्यानं इतरांवर सोडलं. मग स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल आला. चांदीच्या क्षारानं पेशी रंगवायची युक्ती इटलीच्या गोल्जीची. ती वापरून काहालनं पडद्यातल्या पेशी एकेक करून काढल्या. प्रकाश टिपणाऱ्या पेशी, त्यांच्याकडून निरोप घेणाऱ्या मधल्या पेशी आणि शेवटी गँग्लियन पेशी. या गँग्लियन पेशींचे लांब धागे एकत्र होतात, तीच मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस. मज्जातंतूंचं सगळं जाळं सलग आहे, असं गोल्जी म्हणायचा. काहाल म्हणायचा, पेशी सुट्या आहेत. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं!

१९३८ मध्ये हार्टलाइननं बेडकाच्या नसेतला एकच धागा वेगळा काढून त्यातली वीज मोजली. काही धागे दिवा लागला की बोलत, काही विझला की, काही दोन्ही वेळा. आणि १९५९ मध्ये लेटविन आणि साथीदारांना असे धागे सापडले, जे बारीक, काळी, हलणारी वस्तू दिसली तरच जोरात बोलतात. म्हणजे माशी! निवड डोळ्यातच सुरू होते.

आपलंही तसंच. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी, पण नसेत धागे दहा-बारा लाखच. एवढ्यातून जायचं म्हटल्यावर गोळाबेरीज आधीच करावी लागते.

हे मी वाचायला लागलो आमच्या आजीमुळं. तिला बाजूचं दिसेना. घरात सगळे म्हणाले, "मोतीबिंदू असंल, पिकू दे." निघाला काचबिंदू. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत गँग्लियन पेशीच मरतात, आणि त्या परत येत नाहीत. आता रोज थेंब टाकून उरलेलं टिकवतोय. बाजूनं शेरडू आलं तर ती आवाजावरनं ओळखते. मोटारसायकल मात्र अजून कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना कुणीतरी सोबत असतं.