गिलमोर कुटुंबाची शेती आणि लॉस एंजेलिसचा शेतकरी बाजार

लॉस एंजेलिस शहरात थर्ड स्ट्रीट आणि फेअरफॅक्स अव्हेन्यू हे दोन रस्ते जेथे मिळतात, तेथे १९३४ पासून ‘फार्मर्स मार्केट’ या नावाची बाजारपेठ आहे. एका कुटुंबाच्या शेतावर उभा राहिलेला शेतकऱ्यांचा बाजार अशी तिची ख्याती आहे. तथापि या भूमीचा इतिहास पाहता ‘शेतकऱ्यांचा’ या षष्ठीचा नेमका अर्थ कोणता, असा प्रश्न उपस्थित होतो.

ही जमीन मूळच्या ‘रांचो ला ब्रेआ’ या इनामाचा भाग होय. मेक्सिकन राजवटीत, १८२८ साली, हे इनाम देण्यात आले. ‘ब्रेआ’ म्हणजे डांबर. येथे भूमीतून आपोआप पाझरणारे डांबर नगरवासी घरांच्या छपरांसाठी नेत असत. म्हणून गरजेपुरते डांबर नेण्याचा त्यांचा हक्क इनामाच्या अटींतच राखून ठेवण्यात आला होता. जमीन एकाची, परंतु तिचा एक उपभोग सर्वांचा, ही व्यवस्था पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

इलिनॉयहून आलेल्या आर्थर फ्रीमॉन्ट गिलमोर यांनी एका भागीदारासह १८८० मध्ये येथील दोन दुग्धशेते विकत घेतली. भागीदारी संपली तेव्हा काड्या ओढून वाटणी झाली व २५६ एकरांचे हे शेत गिलमोर यांच्या वाट्यास आले. विसाव्या शतकाच्या आरंभी गुरांसाठी पाण्याचा शोध चालू असता जमिनीत तेल लागले. अल्पावधीतच गोठा मोडला आणि गिलमोर ऑइल कंपनी उदयास आली. पुढे शहर चोहोबाजूंनी वाढले, वस्तीतील तेलविहिरींवर निर्बंध आले आणि पुष्कळ जमीन मोकळी पडली. सारांश, शेतीचे रूपांतर थेट बाजारात झाले नाही. त्या दोहोंमध्ये तेलाचा एक कालखंड आहे, आणि बाजाराला जागा मिळाली ती तो कालखंड ओसरल्यामुळे.

१९३४ मध्ये मंदीने शेतमालाचे भाव कोसळलेले होते. लॉस एंजेलिस हा जिल्हा त्या काळी कृषि-उत्पन्नाच्या मूल्यात अमेरिकेतील अग्रगण्य जिल्हा होता. म्हणजे शेत आणि ग्राहक यांतील अंतर थोडे होते, मध्यस्थांची साखळी मात्र लांब होती. ही साखळी तोडण्याची कल्पना रॉजर डालहेल्म आणि जाहिरात-लेखक फ्रेड बेक यांनी आर्थर यांचे पुत्र अर्ल गिलमोर यांच्यापुढे मांडली. त्याच वर्षी जुलै महिन्यात काही शेतकऱ्यांनी मोकळ्या जागेत आपल्या मालमोटारी उभ्या केल्या व त्यांच्या फळीवरूनच भाजी-फळे विकली. जागेचे भाडे दिवसाला ५० सेंट होते. ऑक्टोबरपर्यंत कायम गाळे उभे राहू लागले. बेक यांनी वृत्तपत्रात जाहिरातवजा सदर चालवून गिऱ्हाइकांचा ओघ टिकवला.

परंतु बाजाराचे यशच त्याच्या स्वरूपावर उलटले. ब्लँच मॅगी या बाई विक्रेत्या शेतकऱ्यांना दुपारचे खाणे पुरवू लागल्या आणि त्यातून तेथील पहिले उपाहारगृह निघाले. मग खाटीक, पाववाले, मिठाईवाले व भोजनगृहे आली. रोज गाळा सांभाळणे हे पूर्णवेळ दुकानदारास परवडते. ज्याचे शेत त्याची वाट पाहत असते, त्यास ते अवघड जाते. शेतकऱ्यास कोणी हाकलून दिले नाही. कायम गाळ्याच्या अर्थव्यवहारात त्याचे स्थान आपोआप आकुंचित झाले. नाव मात्र राहिले.

या नावातील आशय राज्याच्या कायद्यात अवतरला तो पुष्कळ नंतर. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियाने थेट विक्रीसाठी नवे नियम केले. त्यांनुसार प्रमाणित शेतकरी बाजारात विक्रेता हा त्या मालाचा उत्पादक असल्याचा दाखला आवश्यक ठरला. तेथे शेतकऱ्याचे स्थान नियमाने निश्चित झाले. गिलमोर यांच्या जागेत ते भाडेकराराच्या पलीकडे कधीच गेले नव्हते. १८२८ च्या इनामपत्रात नगरवासीयांच्या डांबराची नोंद होती. १९३४ च्या शेतकऱ्याच्या जागेची तशी नोंद कोठेही झाली नाही.

तथापि या निष्कर्षाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. अर्ल गिलमोर १८८७ मध्ये शेतावरील ज्या मातीच्या विटांच्या घरात जन्मले, त्याच घरात १९६४ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीतच शेजारचे गिलमोर क्रीडांगण जाऊन १९५२ मध्ये तेथे दूरचित्रवाणीचे केंद्र झाले; २००२ मध्ये बाजारास लागून भव्य व्यापारी संकुल उभे राहिले. अशा शहरात जुने गाळे व त्यांमधील सर्वांना खुले चौक टिकले, ते जमिनीचा हा तुकडा एकाच कुटुंबाच्या कंपनीने हातचा जाऊ दिला नाही म्हणून. भूस्वामित्वाने बाजाराचे रक्षण केले. ज्याच्या नावाने तो बाजार भरला, त्याचे मात्र केले नाही. म्हणून अशा संस्थांचा इतिहास लिहिताना शेताचा बाजार कसा झाला याबरोबरच, त्या बाजारात शेतकऱ्याचा हक्क कोणत्या कागदावर उतरला, हेही तपासणे अगत्याचे ठरते.